महामंदीतले संधारण दल: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

गेल्या अंकात १९३० च्या दशकातील अमेरिकी महामंदीवर लिहिताना 'सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर' या सरकारी योजनेचा उल्लेख एका परिच्छेदात आला होता. बेकार तरुणांना छावण्यांमध्ये ठेवून त्यांच्याकडून जंगलांची, उद्यानांची आणि झिजलेल्या शेतजमिनींची कामे करून घेणाऱ्या या योजनेविषयी वाचकांनी बरेच प्रश्न पाठवले आहेत. त्यांतील निवडक प्रश्न येथे घेतले असून एकाच आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत. योजनेचा उल्लेख पुढे 'सीसीसी' असा केला आहे.

प्रश्न: ही योजना काही आठवड्यांत उभी राहिली असे वाचले. लाखो माणसांची व्यवस्था इतक्या कमी वेळात कशी झाली?

फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी ४ मार्च १९३३ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेतली, तेव्हा देशातील साधारण दर चार कामगारांपैकी एकाच्या हाताला काम नव्हते. २१ मार्चला त्यांनी काँग्रेसपुढे, म्हणजे अमेरिकी संसदेपुढे, या योजनेचा प्रस्ताव मांडला, ३१ मार्चला कायद्यावर सही झाली आणि १७ एप्रिलला व्हर्जिनियातील जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्रीय वनात 'कॅम्प रूझवेल्ट' ही पहिली छावणी सुरू झाली. जुलैच्या सुरुवातीला सुमारे अडीच लाख तरुण तेराशेच्या आसपास छावण्यांमध्ये दाखल झाले होते. हा वेग पाहून आजही आश्चर्य वाटते, पण त्यामागे कारणे होती आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

पहिले कारण असे की योजनेसाठी नवे अवाढव्य खाते उभारले गेले नाही. जी खाती आधीपासून होती त्यांच्यावरच एकेक जबाबदारी सोपवली गेली. मजूर खात्याने स्थानिक मदत कार्यालयांमार्फत तरुणांची निवड करायची, युद्ध खात्याने त्यांची वाहतूक, राहणे, जेवण, कपडे आणि औषधोपचार पाहायचे, आणि प्रत्यक्ष कामाची आखणी व देखरेख कृषी व अंतर्गत (सार्वजनिक जमिनी व उद्याने सांभाळणाऱ्या) खात्यांच्या तज्ज्ञांनी करायची, अशी ती वाटणी होती. या चारही खात्यांचा मेळ घालण्यासाठी रॉबर्ट फेक्नर या यंत्रकामगारांच्या संघटनेतील नेत्याची संचालक म्हणून नेमणूक झाली. दिवसाला एक डॉलर मजुरी आणि छावण्यांवर लष्कराची देखरेख या दोन्ही गोष्टींवर कामगार संघटनांनी कडक आक्षेप घेतला होता, आणि कामगार चळवळीतलाच माणूस प्रमुखपदी आल्याने तो विरोध बराच निवळला. लष्कराशिवाय हे काम झाले नसते हेही खरे आहे, कारण बेकार तरुणांची गर्दी मुख्यतः पूर्वेकडील शहरांत होती आणि कामाची जंगले मोठ्या प्रमाणात पश्चिमेकडे होती. हजारो मैलांवर माणसे नेऊन त्यांना रोज तीन वेळा जेवू घालण्याचा अनुभव त्या वेळी दुसऱ्या कोणत्याच खात्याकडे नव्हता.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. कामांची यादी तयार होती. वनखात्याकडे कुठे रोपे लावायची, कुठे वाट काढायची, कुठे टेहळणीचा मनोरा हवा, याच्या योजना वर्षानुवर्षे निधीअभावी पडून होत्या. रूझवेल्ट स्वतः न्यूयॉर्क राज्याचे गव्हर्नर असताना त्यांनी सुमारे दहा हजार बेकारांना वृक्षलागवडीच्या कामावर लावले होते, त्यामुळे हा प्रयोग त्यांना सर्वस्वी नवा नव्हता.

प्रश्न: सीसीसीने तीन अब्ज झाडे लावली असे सगळीकडे लिहिलेले असते. हा आकडा खरा आहे का? आणि तेच तिचे सर्वात मोठे यश म्हणायचे का?

१९३३ ते १९४२ या नऊ वर्षांत सीसीसीच्या तरुणांनी सुमारे तीन अब्ज झाडे लावली, असे सामान्यतः मानले जाते. त्या काळापर्यंत अमेरिकेत झालेल्या एकूण वनीकरणापैकी निम्म्याहून अधिक काम एकट्या या योजनेने केले, असेही सांगितले जाते. लोकांनी तिला 'रूझवेल्ट यांची वृक्षसेना' हे नाव दिले ते उगाच नव्हे. एकट्या मिशिगन राज्यात ४८ कोटींहून अधिक झाडे लागली. तेथील पाइनची जंगले एकोणिसाव्या शतकात लाकूड कंपन्यांनी मुळापर्यंत तोडून नेली होती, मागे राहिलेल्या फांद्या-पाल्याला लागलेल्या आगींनी जमिनीतला कसही जाळला होता, आणि शेतीसाठी ती जमीन विकत घेतलेल्या लोकांनी काही वर्षांत हार मानून ती सोडून दिली होती. अशा ओसाड, रेताड पट्ट्यांवर तरुणांच्या रांगा हातात कुदळीसारखी अवजारे घेऊन चालत आणि ठरावीक अंतरावर खाच पाडून एकेक रोप लावत जात. आज तेथे जी राष्ट्रीय वने दिसतात त्यांतील बराच भाग या लागवडीतून उभा राहिला आहे.

तरीही तुमच्या दुसऱ्या प्रश्नाला माझे उत्तर 'नाही' असे आहे. लावलेल्या रोपांची संख्या हा मोजायला सर्वात सोपा आणि सांगायला सर्वात आकर्षक आकडा असतो, पण रोप लावणे आणि झाड वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९३० च्या दशकातील दुष्काळात अनेक ठिकाणी रोपे जळाली आणि पुन्हा लावावी लागली. शिवाय पुष्कळ लागवड एकाच जातीच्या झाडांची, सरळ रांगांमध्ये केलेली होती, आणि अशा वनात विविध जातींच्या नैसर्गिक जंगलासारखे जीवन नांदत नाही. तीन अब्जांचा आकडा खोटा नाही, पण योजनेने काय साधले हे समजून घ्यायचे असेल तर तो बाजूला ठेवून इतर कामांकडे पाहावे लागते. ती कामे छायाचित्रात तितकी उठून दिसत नाहीत. उतारावर घातलेले बांध, घळीत रचलेले दगडी अडसर, गुरांना डोंगरावर चढू न देणारी कुंपणे, पाण्याची टाकी, पायवाट, टेलिफोनची तार ही ती कामे होत.

प्रश्न: मी शेतकरी आहे. जंगलांची कामे कळली, पण शेतजमिनीसाठी या योजनेने नेमके काय केले?

या प्रश्नाला थोडे सविस्तर उत्तर द्यायला हवे, कारण माझ्या मते योजनेचे सर्वात टिकाऊ काम याच क्षेत्रात झाले.

विस्कॉन्सिन राज्याच्या नैर्ऋत्य भागात 'कून व्हॅली' नावाचे खोरे आहे. बाजूला तीव्र उताराचे डोंगर, मध्ये अरुंद सपाटी आणि तीतून वाहणारा ओढा अशी तेथील भूरचना आहे. एकोणिसाव्या शतकात तेथे वसलेल्या शेतकऱ्यांनी गव्हासाठी उतार नांगरले, तेही वरून खाली अशा सरळ तासांनी, आणि उरलेल्या डोंगरावर गुरे मोकळी सोडली. परिणाम व्हायचा तोच झाला. प्रत्येक मोठ्या पावसात वरची माती वाहून खाली आली, उतारांवर माणूस उभा राहील इतक्या खोल घळी पडल्या, आणि खालच्या सपाटीवरील शेते, कुंपणे व रस्ते गाळाखाली गाडले गेले. ओढ्यात पूर्वी मिळणारे ट्राउट मासे दिसेनासे झाले.

१९३३ मध्ये केंद्र सरकारच्या नव्या मृदा धूप सेवेने, ह्यू हॅमंड बेनेट यांच्या नेतृत्वाखाली, देशातील पहिला पाणलोट क्षेत्राचा प्रात्यक्षिक प्रकल्प म्हणून हे खोरे निवडले. खोऱ्याचा विस्तार सुमारे ९० हजार एकरांचा होता आणि त्यातील चारशेच्या आसपास शेतकऱ्यांनी सरकारशी पाच वर्षांचे करार केले. कराराचे स्वरूप परस्परांवरील बंधनांचे होते. सरकारने बी, चुना, खत, कुंपणाची तार आणि मजूर द्यायचे, आणि शेतकऱ्याने उतार समपातळीवर नांगरायचे, मका, धान्य आणि गवत यांचे आलटून-पालटून पट्टे घ्यायचे, पिकांची फेरपालट पाळायची आणि सर्वात तीव्र उतारावरून गुरे हटवून तो भाग झाडांसाठी सोडायचा. यातील मजूर म्हणजे सीसीसीच्या छावणीतील तरुण. त्यांनी बांध घातले, घळींच्या तोंडाशी दगडांचे आणि लाकडाचे अडसर बांधले, ओढ्याचे ढासळते काठ सावरले, कुंपणे उभी केली आणि उतारांवर रोपे लावली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शेतकऱ्याला पट्टा पेर फायद्याची आहे हे कोणी पटवून दिले असते, तरी मंदीच्या त्या वर्षांत बांध घालण्यासाठी मजुरी देणे त्याला शक्य नव्हते. ज्ञान कृषी महाविद्यालयांकडे होते, जमीन शेतकऱ्याची होती, पण त्या दोहोंच्या मधले कष्ट करायला माणसे नव्हती. ती सीसीसीने पुरवली. पुढे भूगोलतज्ज्ञ स्टॅनली ट्रिंबल यांनी याच खोऱ्यातील गाळाचा दीर्घकाळ अभ्यास केला, तेव्हा १९३० च्या दशकानंतर धूप आणि गाळ यांचे प्रमाण फार मोठ्या फरकाने उतरल्याचे दिसून आले. ओढ्यांमध्ये ट्राउट परत आले आणि आज या भागात ते पकडण्यासाठी दूरवरून लोक येतात. विमानातून पाहिले तर डोंगरांना वळसे घालणारे पिकांचे पट्टे अजूनही दिसतात.

एप्रिल १९३५ मध्ये मृदा धूप सेवेचे रूपांतर कायमस्वरूपी मृदसंधारण सेवेत झाले. त्याच महिन्यात, १४ एप्रिलला, दक्षिणेकडील मैदानी प्रदेशात 'ब्लॅक संडे' म्हणून ओळखले जाणारे भीषण धुळीचे वादळ झाले होते आणि काँग्रेसला हा कायदा तातडीने करण्यास त्याने भाग पाडले. यानंतर शेकडो छावण्या मृदसंधारणाच्या कामाला जोडल्या गेल्या.

प्रश्न: शहरातील मुलांनी कधी कुऱ्हाडही धरली नसेल. त्यांनी बांधलेल्या इमारती आणि वाटा ऐंशी-नव्वद वर्षे कशा टिकल्या?

कारण त्यांना शिकवणारी माणसे शेजारी उभी होती. योजना सुरू होताच असे लक्षात आले की छावण्या ज्या गावांजवळ पडणार तेथील जाणकार कारागीरही बेकार आहेत, आणि बाहेरच्या मुलांना आपल्या जंगलात काम मिळालेले पाहून त्यांच्या मनात नाराजी निर्माण होईल. म्हणून 'स्थानिक अनुभवी माणसे' असा एक वेगळा वर्गच केला गेला आणि सुरुवातीलाच अशा सुमारे २५ हजार जणांना कामावर घेतले गेले. लाकूडतोडे, गवंडी, सुतार, लोहार, सुरुंग लावणारे अशी ही माणसे होती. वयाची आणि अविवाहित असण्याची अट त्यांना नव्हती. या एका निर्णयाने गावांचा विरोध मावळला, मुलांचे अपघात कमी झाले आणि कामाला दर्जा आला. सीसीसीच्या यशाचे श्रेय देताना या मुकादमांचा उल्लेख क्वचित होतो, हे मला अन्यायाचे वाटते.

त्याला राष्ट्रीय उद्यान सेवेच्या वास्तुविशारदांच्या शिस्तीची जोड मिळाली. इमारत जिथे उभी राहायची तिथल्याच दगडाची आणि लाकडाची असावी, ती भूदृश्यावर कुरघोडी करू नये, असा त्यांचा आग्रह होता. न्यू मेक्सिकोतील बँडेलियर राष्ट्रीय स्मारकात, फ्रिहोलेस दरीच्या तळाशी, सीसीसीने तेथील ज्वालामुखीजन्य दगडातून ३१ इमारतींचा समूह बांधला. आतील लाकडी सामान आणि पत्र्याचे दिवेसुद्धा तरुणांनी छावणीतच घडवले. कॅलिफोर्नियात लोम्पोकजवळ 'ला पुरिसिमा' हे स्पॅनिश काळातील मिशन (ख्रिस्ती धर्मप्रसाराचे केंद्र) कोसळून मातीचे ढीग उरले होते. तेथे तरुणांनी जुन्या पद्धतीने हजारो कच्च्या विटा थापल्या आणि इमारती पुन्हा उभ्या केल्या. कोलोरॅडोतील डेन्व्हरजवळ दोन प्रचंड लाल खडकांच्या मधल्या नैसर्गिक उतारावर 'रेड रॉक्स' हे खुले प्रेक्षागृह त्यांनी बांधले. वास्तुविशारद बर्नहॅम हॉइट यांनी खडकांना हात न लावता आसनांच्या ओळी त्या उताराच्या कलाने मांडल्या, १९४१ च्या जूनमध्ये ते खुले झाले आणि आजही तेथे संगीताचे कार्यक्रम होतात. व्हर्जिनियातील शेनांडोआ उद्यानातून जाणाऱ्या 'स्कायलाइन ड्राइव्ह' या रस्त्याच्या कडेचे दगडी कठडे, दरी पाहण्याचे थांबे आणि हजारो झाडे हेही याच हातांचे काम आहे.

राज्यांच्या पातळीवरील परिणाम याहून मोठा होता. १९३३ पूर्वी अनेक राज्यांत एकही सार्वजनिक राज्य उद्यान नव्हते किंवा नावापुरते होते. सीसीसीच्या काळात सातशेहून अधिक राज्य उद्याने विकसित झाली. सामान्य कामगाराला कुटुंबासह सुटीच्या दिवशी जाता येईल असे जंगल आणि तळे जवळपास मिळाले, ते या कामामुळे.

प्रश्न: वणव्यांविरुद्ध या तरुणांनी काय केले? त्यात काही प्राणहानी झाली का?

वणव्याचे काम दोन प्रकारचे होते. एक आग लागण्यापूर्वीचे: तीन हजारांहून अधिक टेहळणी मनोरे, मनोऱ्यांना जोडणाऱ्या टेलिफोनच्या तारा, जंगलातील वाटा आणि जाळरेषा (आग पुढे पसरू नये म्हणून मोकळे केलेले पट्टे). दुसरे प्रत्यक्ष आग विझवण्याचे, ज्यात लाखो मनुष्यदिवस खर्ची पडले.

प्राणहानी झाली. सर्वात दुःखद घटना वायोमिंगमधील शोशोनी राष्ट्रीय वनातील ब्लॅकवॉटर वणव्याची आहे. विजेमुळे लागलेली ही आग ऑगस्ट १९३७ मध्ये आटोक्यात येते आहे असे वाटत असताना २१ तारखेला अचानक वारा फिरला आणि डोंगरउतारावर काम करणारे लोक ज्वाळांमध्ये सापडले. १५ जण मरण पावले, त्यांतील बहुसंख्य सीसीसीचे तरुण होते, आणि ३८ जण जखमी झाले. दुर्गम भागातील आगीपर्यंत माणसे पोहोचायला उशीर होतो हे या घटनेच्या चौकशीतून ठळकपणे पुढे आले, आणि दोनच वर्षांनी विमानातून पॅराशूटने अग्निशामक उतरवण्याचे प्रयोग सुरू झाले.

याच विषयात योजनेची एक मर्यादाही सांगायला हवी. १९३५ मध्ये वनखात्याने असे धोरण स्वीकारले की कोणतीही आग दिसल्यास ती दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आत काबूत आली पाहिजे. इतके महत्त्वाकांक्षी धोरण ठरवता आले, कारण सीसीसीचे मनुष्यबळ हाताशी होते. पश्चिमेकडील अनेक जंगलांमध्ये अधूनमधून लागणाऱ्या हलक्या आगी खालचा पालापाचोळा जाळून जंगल निरोगी ठेवतात, हे पुढे सर्वमान्य झाले आणि १९७० च्या दशकात ते धोरण सोडून देण्यात आले. तोवर अनेक ठिकाणी जळाऊ साठा साचत गेला होता. तरुणांनी जिवावर उदार होऊन केलेल्या कामाचे मोल याने कमी होत नाही. चूक धोरणाची होती.

प्रश्न: तरुणांना स्वतःला काय मिळाले?

महिन्याला ३० डॉलर, आणि त्यातील साधारण २५ डॉलर थेट घरी पाठवले जात. मंदीत ज्या घरात एक पैसा येत नव्हता तेथे या रकमेवर चूल पेटत होती, आणि संपूर्ण काळात घरी गेलेली रक्कम साठ कोटी डॉलरहून अधिक होती. हाती उरणाऱ्या पाच डॉलरांत मुलगा साबण, तंबाखू आणि शनिवारचा सिनेमा भागवत असे. शिवाय निवारा, कपडे, दवाखाना आणि पोटभर जेवण मिळत असे. दाखल होताना अनेक जण कुपोषित होते आणि पहिल्या काही महिन्यांतच त्यांची वजने लक्षणीय वाढल्याच्या नोंदी आहेत.

सुरुवातीला प्रवेश १८ ते २५ वयाच्या, अविवाहित आणि मदतीवर जगणाऱ्या कुटुंबातील तरुणांना होता. पुढे ही वयोमर्यादा काही वेळा बदलली. मुदत सहा महिन्यांची असे आणि ती दोन वर्षांपर्यंत वाढवता येई. कामाचे तास आठवड्याला चाळीस होते आणि संध्याकाळी वर्ग भरत. छावण्यांमधील या वर्गांत चाळीस हजारांहून अधिक तरुण लिहा-वाचायला शिकले. हा आकडा मला तीन अब्ज झाडांइतकाच मोलाचा वाटतो. इतरांनी ट्रक चालवणे, वेल्डिंग, टंकलेखन, सर्वेक्षण, स्वयंपाक अशी कौशल्ये घेतली आणि पुढे त्यांवर नोकऱ्या मिळवल्या.

प्रश्न: या योजनेचे दरवाजे सर्वांना खुले होते का?

कायद्याने होते, व्यवहारात नव्हते. इलिनॉयचे ऑस्कर डी प्रीस्ट हे त्या वेळचे काँग्रेसमधील एकमेव कृष्णवर्णीय सदस्य होते. वंश, वर्ण किंवा धर्म यांवरून भेदभाव करता येणार नाही, ही तरतूद त्यांनी मूळ कायद्यात घालून घेतली होती. तरीही दक्षिणेतील काही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी कृष्णवर्णीय तरुणांची नावे घेण्यास टाळाटाळ केली, आणि जॉर्जियासारख्या राज्यावर केंद्राला दबाव आणावा लागला. १९३५ मध्ये तर संचालक फेक्नर यांनीच छावण्या वर्णानुसार वेगळ्या करण्याचा आदेश काढला. दोन लाखांहून अधिक कृष्णवर्णीय तरुणांनी योजनेत काम केले, पण बहुतेकांना वेगळ्या छावण्यांमध्ये आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली राहावे लागले. गेटिसबर्ग या यादवी युद्धातील रणभूमीवरील छावणीत कृष्णवर्णीय अधिकारी नेमले गेले, ते अपवाद म्हणून. ज्या कायद्यात समानतेचे शब्द स्पष्ट लिहिलेले होते त्याच कायद्याखाली हे घडले, म्हणून ते अधिक बोचते.

स्त्रियांना सीसीसीत प्रवेशच नव्हता. अध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट यांनी पाठपुरावा केल्यामुळे न्यूयॉर्कमधील बेअर माउंटनजवळ बेकार स्त्रियांसाठी एक छावणी निघाली आणि नंतर इतरत्र अशा छावण्या वाढल्या, पण त्या वेगळ्या खात्याच्या होत्या, त्यांत वेतनाची तशी सोय नव्हती आणि १९३७ पर्यंत त्या बंदही झाल्या. त्यांचा लाभ घेतलेल्या स्त्रियांची संख्या सुमारे साडेआठ हजार होती. सीसीसीत काम केलेल्या सुमारे तीस लाख पुरुषांपुढे ती किती तोकडी आहे हे सांगायला नको.

मूलनिवासी जमातींसाठी वेगळा विभाग होता आणि त्यात ८० हजारांहून अधिक लोकांनी काम केले. त्यांना वयाची वा अविवाहितपणाची अट नव्हती, अनेक जण घरी राहूनच कामावर जात आणि काम त्यांच्याच राखीव प्रदेशात होत असे. विहिरी, झरे, कुंपणे, छोटी धरणे अशी ती कामे होती. अलास्काच्या आग्नेय भागात १९३८ पासून ट्लिंगिट आणि हायडा जमातींच्या कारागिरांना टोटेम खांबांच्या (कुळाची चिन्हे कोरलेल्या उंच लाकडी खांबांच्या) जतनाचे काम मिळाले. ओसाड पडलेल्या गावांमध्ये कुजत चाललेले कोरीव खांब आणून ते दुरुस्त करायचे, आणि जे वाचण्यासारखे नव्हते त्यांच्या हुबेहूब प्रतिकृती नव्या देवदाराच्या खोडातून कोरायच्या, असे हे काम होते. वयस्कर कारागिरांनी ते करता करता तरुणांना शिकवले. केचिकनजवळील सॅक्समन आणि टोटेम बाइट येथे हे खांब आज पाहता येतात. खांब मूळ जागेवरून हलवले गेले यावर पुढे टीका झाली आणि ती रास्त आहे. मात्र ती कला जाणणारी पिढी संपत आलेली असताना हे काम झाले, हेही विसरता येत नाही.

प्रश्न: निसर्गासाठी निघालेल्या योजनेने निसर्गाची हानी केली, असा आरोप मी वाचला. तो कितपत खरा आहे?

काही अंशी खरा आहे. आल्डो लिओपोल्ड हे वन्यजीवांचे अभ्यासक कून व्हॅलीच्या कामाशी स्वतः जोडलेले होते, तरी त्यांनी १९३४ मध्येच दाखवून दिले की एक तुकडी ओढ्यात माशांसाठी आडोसे बांधत असताना दुसरी तुकडी रस्त्यासाठी शेजारचा मातीचा कडा कापून तोच ओढा गढूळ करत होती. एकेका कामाचा तज्ज्ञ वेगळा आणि संपूर्ण जमिनीचा विचार करणारा कोणीच नाही, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो आजच्या कोणत्याही संधारण योजनेलाही विचारण्यासारखा आहे. जंगलात खोलवर काढलेल्या रस्त्यांमुळे उरलेसुरले निर्मनुष्य प्रदेश संपतील, ही चिंता वनखात्यातील रॉबर्ट मार्शल यांच्यासारख्यांनी व्यक्त केली होती.

सर्वात प्रसिद्ध चूक कुड्झू या वेलीची. दक्षिणेकडील कापसाच्या शेतांत पडलेल्या घळी झाकण्यासाठी झपाट्याने पसरणारी ही आशियाई वेल मृदसंधारण सेवेने कोट्यवधी रोपांच्या रूपात वाटली आणि सीसीसीच्या तरुणांनी ती ठिकठिकाणी लावली. माती तिने खरोखरच धरून ठेवली, पण नंतर ती झाडे, खांब आणि पडकी घरे झाकत सुटली. १९५३ मध्ये कृषी खात्याने शिफारस केलेल्या वनस्पतींच्या यादीतून तिला वगळले आणि १९७० मध्ये तण ठरवले.

प्रश्न: हूवर धरण, ओरेगॉनमधील टिंबरलाइन लॉज, मैदानी प्रदेशातील वृक्षपट्टे ही सगळी सीसीसीचीच कामे का?

नाही. हूवर धरणाचे काम १९३१ मध्ये, म्हणजे रूझवेल्ट येण्यापूर्वीच, जलसिंचन विभागाने कंत्राटदारांमार्फत सुरू केले होते. टिंबरलाइन लॉज प्रामुख्याने 'वर्क्स प्रोग्रेस ॲडमिनिस्ट्रेशन' या दुसऱ्या रोजगार योजनेचे काम आहे. मैदानी प्रदेशातील वाराप्रतिबंधक वृक्षपट्ट्यांचा प्रकल्प वनखात्याचा होता आणि त्यातील मजूरही मुख्यतः त्याच दुसऱ्या योजनेचे होते. उलट व्हरमाँट राज्यात १९२७ च्या महापुरानंतर विनूस्की नदीच्या खोऱ्यात बांधलेली ईस्ट बॅरे, राइट्सव्हिल आणि वॉटरबरी ही धरणे सीसीसीची आहेत, पण त्यांचा उल्लेख फारसा होत नाही. ती पहिल्या महायुद्धातील माजी सैनिकांच्या तुकड्यांनी बांधली. माजी सैनिकांना योजनेत वयाची अट नव्हती. त्यांतील पहिली दोन धरणे पूर्ण झाल्यानंतर लगेच, १९३६ च्या मार्चमध्ये, पुन्हा मोठा पूर आला आणि त्यांनी तो अडवून धरला.

प्रश्न: इतकी यशस्वी योजना बंद का केली?

तिला कायमचे स्वरूप द्यावे अशी रूझवेल्ट यांची इच्छा होती, पण १९३७ मध्ये काँग्रेसने ते नाकारून केवळ मुदत वाढवली. सीसीसी हे अधिकृत नाव मात्र त्याच वर्षीच्या कायद्याने मिळाले. १९३५ मध्ये पाच लाखांवर गेलेली तरुणांची संख्या १९४० नंतर झपाट्याने घटली, कारण युद्धसामग्रीच्या कारखान्यांत चांगल्या पगाराची कामे मिळू लागली आणि लष्करभरतीही सुरू झाली. डिसेंबर १९४१ मध्ये अमेरिका युद्धात उतरल्यावर योजनेच्या बाजूने बोलणे अवघड झाले. १९४२ च्या जूनअखेर काँग्रेसने पुढील निधी नाकारला आणि केवळ आवराआवरीपुरती रक्कम दिली. योजना रद्द करणारा वेगळा कायदा कधी झालाच नाही.

छावण्यांतील शिस्तीची, सामूहिक राहणीची आणि यंत्रे हाताळण्याची सवय असलेले हे तरुण मोठ्या संख्येने सैन्यात गेले. त्यांच्या छावण्या सांभाळताना लष्करी अधिकाऱ्यांनाही नागरिकांतून फौज उभी करण्याचा अनुभव मिळाला होता. दुसऱ्या महायुद्धातील लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी १९३० च्या दशकात अशा अनेक छावण्यांची जबाबदारी सांभाळली होती. रिकाम्या बराकींपैकी काहींमध्ये शस्त्र हाती घेण्यास नकार देणाऱ्या नागरिकांना पर्यायी सेवेसाठी ठेवले गेले, काहींमध्ये जर्मन युद्धकैदी आले, आणि युटातील मोआबजवळील छावणीसारख्या काही जागा जपानी वंशाच्या अमेरिकी नागरिकांना डांबण्यासाठी वापरल्या गेल्या.